डॉग शोमध्ये कुत्रा उतरवायचाय? पात्रता, कागदपत्रे आणि रिंगमधली तपासणी

शोचा प्रवेश अर्ज भरायला घेतला की सगळं अडतं ते नोंदणी क्रमांकापाशी. कुत्रा कितीही देखणा असो, केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र नसेल तर त्याला जातिवंत गटात उतरता येत नाही. १८९६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय चेन्नईत आहे आणि तिच्याशी संलग्न असलेले क्लब ठिकठिकाणी शो भरवतात.

नोंदणीची सुरुवात पिल्लू घरी येण्याआधीच होते. आई आणि बाप दोघंही नोंदणीकृत असावे लागतात आणि पिल्लांची नोंद ब्रीडरनेच करायची असते. त्यासाठी पिल्लाच्या खांद्याजवळ कातडीखाली मायक्रोचिप बसवतात. तिचा १५ अंकी क्रमांक प्रमाणपत्रावर असतो. पुढे मालकी तुमच्या नावावर करून घ्या. माझ्या पहिल्या लॅब्रॅडॉरच्या वेळी ब्रीडर ‘कागद मागून येतील’ म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. आठ महिने फोन केल्यावर कळलं की पिल्लाच्या आईचीच नोंदणी नव्हती. तो कुत्रा आमच्याकडे लाडात वाढला, पण रिंगमध्ये, म्हणजे शोच्या परीक्षणाच्या मैदानात, कधीच उतरला नाही. म्हणून सांगते, पैसे देण्याआधी आई-बापाची प्रमाणपत्रं हातात घेऊन बघा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी देऊ केलं तर घेऊ नका, कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीबद्दलच्या २०१७च्या सरकारी नियमांनुसार अशी विक्री करता येत नाही.

कारवान हाउंडसारख्या आपल्या देशी जातींचं थोडं वेगळं आहे. खेड्यापाड्यातल्या या कुत्र्यांची वंशावळ कुणी कागदावर ठेवलेली नसते. त्यामुळे केनेल क्लबने वेळोवेळी त्यांची पाहणी करून, चिप बसवून नोंदणी केली आहे. तुमच्याकडे असा कारवानी असेल तर जवळच्या संलग्न क्लबकडे जरूर चौकशी करा.

अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, चिप क्रमांक, लसीकरणाचं पुस्तक (रेबीजची नोंद चालू असावी) आणि शुल्क द्यावं लागतं. वयानुसार मायनर पपी, पपी, ज्युनिअर असे वर्ग असतात, शिवाय ब्रेड इन इंडिया (भारतात जन्मलेल्यांसाठी) आणि ओपन (खुला). वयोमर्यादा आणि अंतिम तारीख त्या त्या शोच्या माहितीपत्रकात असते. कॅटलॉग, म्हणजे उतरणाऱ्या कुत्र्यांची यादी, आधी छापायचा असल्यामुळे उशिरा आलेले अर्ज सहसा घेत नाहीत.

आता रिंगमध्ये काय होतं ते. बरेच जण समजतात की परीक्षक कुत्र्यांची एकमेकांशी तुलना करतात. खरं तर प्रत्येक कुत्रा आधी त्याच्या जातीच्या लिखित मानकाशी ताडून बघितला जातो. आंतरराष्ट्रीय मानकात लॅब्रॅडॉर नराची आदर्श उंची ५६ ते ५७ सेंटीमीटर आहे, शेपूट पाणमांजरासारखी मुळाशी जाड हवी आणि अंगावरचे केस दाट, पाणी न शिरणारे. परीक्षक अंगठ्याने ओठ वर करून दात बघतात. बहुतेक जातींत वरचे पुढचे दात खालच्या दातांना अगदी चिकटून पुढे यायला हवेत. मग खांदा, छाती, पाठ हाताने चाचपतात. नराचे दोन्ही अंडकोष खाली उतरलेले आहेत ना, हेही बघतात. शेवटी पळवतात: सरळ दूर, सरळ जवळ, मग बाजूने. पुढचे पाय कोपरापाशी बाहेर फाकतात का, मागचे पाय पुरेसा रेटा देतात का, हे इथेच उघडं पडतं. उभा असताना झाकलेला दोष चालताना लपत नाही.

स्वभावही बघतात. हात लागताच गुरगुरणारा किंवा मालकामागे दडणारा कुत्रा मागे पडतो, घाबरून चावला तर रिंगबाहेर जातो. कारवानीला परक्याचा स्पर्श मुळातच आवडत नाही, त्यामुळे त्याची तयारी महिनोन्‌महिने आधी सुरू करावी लागते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी माझ्या कारवानी कुत्रीचे दात बघायला लावायची. पहिल्या महिन्यात ती मान फिरवायची, तिसऱ्या महिन्यात स्वतःच तोंड पुढे करायला लागली.