साताऱ्यात हिरोशिमा दिनाचा शांतता मोर्चा काढायचाय? पोलीस परवानगी कशी काढायची, कोण अर्ज करू शकतं, कागदपत्रं काय लागतात

दरवर्षी जुलै लागला की फोन सुरू होतात, ताई ६ ऑगस्टला युद्धविरोधी मोर्चा काढायचाय, परवानगी कुणाकडं मागायची, संस्था रजिस्टर लागते का, किती दिवस आधी अर्ज द्यायचा. प्रत्येकाला वेगवेगळं सांगताना काहीतरी राहतंच, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. साताऱ्यात असे मोर्चे काढायला मी धावपळ केलीय, त्यामुळं नियमात काय आहे ते आणि ठाण्यात टेबलासमोर उभं राहिल्यावर काय विचारतात ते, दोन्ही सांगते.

अर्ज कोण करू शकतं? भारताचा कुठलाही सज्ञान नागरिक. शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमायचा हक्क संविधानाच्या कलम १९ नं दिलेला आहे, त्यासाठी ट्रस्ट किंवा संस्था रजिस्टर असलीच पाहिजे असं काही नाही, पाच-सात जणांची संयोजन समिती करा आणि त्यातल्या दोघा-तिघांच्या सहीनं अर्ज द्या. सही करणारे मात्र साताऱ्यात राहणारे, फोन उचलणारे आणि त्या दिवशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असणारे हवेत, कारण पोलीस त्यांनाच जबाबदार धरतात. सरकारी नोकर आणि झेडपीचे शिक्षक यांचं नाव संयोजक म्हणून टाकू नका, त्यांना वर्तणूक नियम लागू असतात आणि आपल्या उत्साहात त्यांच्या नोकरीला त्रास व्हायला नको. शाळेची मुलं येणार असतील तर मुख्याध्यापकांचं पत्र आणि पालकांची संमती आधी घ्या, ६ ऑगस्टला शाळा चालू असतात.

आता तारीख. हिरोशिमावर बॉम्ब पडला ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला, नागासाकीवर ९ ऑगस्टला. ९ ऑगस्ट आपल्याकडं क्रांती दिन, त्या दिवशी बाकीचे कार्यक्रम आणि बंदोबस्त आधीच ठरलेला असतो म्हणून शक्यतो ६ तारीखच घ्या. पाऊस असतो, ते धरूनच चाला. ऑगस्ट जमणार नसेल तर २१ सप्टेंबर आंतरराष्ट्रीय शांतता दिन आणि २६ सप्टेंबर अण्वस्त्रांच्या संपूर्ण निर्मूलनाचा दिन आहे, पण गणपती कधी येतायत ते कॅलेंडरात बघून घ्या, त्या दिवसांत पोलिसांकडं माणूस शिल्लक नसतो.

अर्ज कुठं द्यायचा इथं बरेच जण चुकतात. मोर्चाची परवानगी कलेक्टर ऑफिसात मागायला जातात आणि तिथून परत पाठवतात. अर्ज ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत मोर्चा निघणार त्या ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांच्या नावानं करायचा. सातारा शहरात सातारा शहर आणि शाहूपुरी अशी दोन ठाणी आहेत, समजा तुम्ही राजवाड्यापासून मोती चौक, राजपथ, पोवई नाका करत कलेक्टर ऑफिसला येणार असाल तर कुठली गल्ली कुणाच्या हद्दीत ते आधी विचारून घ्या आणि हद्द बदलत असेल तर दोन्हीकडं अर्ज द्या. प्रती डीवायएसपी ऑफिस, एसपी ऑफिस आणि वाहतूक शाखेला. पंधरा दिवस आधी दिला तर निवांत होतं, आदल्या आठवड्यात गेलात तर तुम्हालाच पळापळ.

आणि पोच! अर्जाच्या जादा प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का आणि सही घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. एका वर्षी आम्ही अर्ज ओळखीच्या हवालदारांच्या हातात दिला, ते म्हणाले साहेबांच्या टेबलावर ठेवतो, आम्ही विश्वासानं निघून आलो, आणि मोर्चाच्या दोन दिवस आधी ऐकायला मिळालं की असा अर्ज आमच्याकडं आलेलाच नाही. तीनशे पत्रकं वाटून झाली होती, माझ्या पोटात गोळाच आला. तेव्हापासून मी आवक-जावकच्या खिडकीपाशीच उभी राहते आणि निळा शिक्का उमटलेला बघून त्याचा तिथल्या तिथं मोबाईलवर फोटो काढते.

सोबत लागणारे कागद असे: सही करणाऱ्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि मोबाईल नंबर, मोर्चाच्या मार्गाचा नकाशा (हातानं काढलेला चालतो, पण चौकांची नावं आणि कुठं किती वेळ थांबणार ते लिहा), वक्त्यांची नावं, स्वयंसेवकांची यादी, गाड्या असतील तर त्यांचे नंबर, घोषणांची यादी, आणि अटी पाळू असं हमीपत्र. सभा मैदानात असेल तर जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याचं, म्हणजे नगरपालिका किंवा झेडपी जे असेल त्याचं पत्र आणि भाडं भरल्याची पावती. बॅनर लावायचे असतील तर नगरपालिकेची परवानगी वेगळी काढावी लागते, भिंती रंगवायच्या तर नाहीतच. माणसांचा आकडा खरा लिहा. दोनशे येणार असताना वजन पडावं म्हणून दोन हजार लिहिलेत तर बंदोबस्त त्या हिशोबानं लागतो आणि पुढच्या वर्षी तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

माईकची परवानगी हा वेगळा अर्ज. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद हे सगळ्यांना माहितीय, पण दवाखाना, शाळा-कॉलेज आणि कोर्टापासून १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं हे मार्ग ठरवताना डोक्यात राहत नाही. सदर बझारात सिव्हिल हॉस्पिटल आहे, तिकडून जाणार असाल तर मुकाट्यानं जा. खरं सांगायचं तर या मोर्चाला घोषणांपेक्षा शांतताच जास्त शोभते, सव्वाआठला सगळे दोन मिनिटं जागच्या जागी थांबतात तेव्हा राजपथावरचे दुकानदारसुद्धा शटर अर्धं वर करून तसेच उभे राहिलेले मी बघितलेत.

आता जरा कायद्याचं, कारण ठाण्यात "३७ लागू आहे" असं ऐकलं की माणसं घाबरून परत येतात. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७(१) आणि ३७(३) खाली जिल्ह्यात वेळोवेळी मनाई आदेश निघतात, एका वेळी पंधरा दिवसांपर्यंतचे, आणि त्यात पाच किंवा जास्त माणसांनी जमायला बंदी असते. पण आदेश नीट वाचलात तर परवानगी घेतलेल्या सभा-मोर्चांना त्यातून सहसा वगळलेलं असतं. म्हणजे ३७ लागू असताना परवानगी मिळत नाही असं नाही, परवानगीशिवाय जमता येत नाही. तरीही जमलात तर कलम १३५ खाली गुन्हा दाखल होतो. पूर्वी ज्या जमावबंदीला १४४ म्हणायचे ते १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १६३ झालंय, ते लागलं असेल तर आधी आदेशाची प्रत मिळवा.

३७(१) मधल्या दोन गोष्टी आपल्याला थेट लागू होतात. एक, काठ्या. फलक लाकडी दांडक्याला ठोकून आणाल तर ते मोर्चा सुरू व्हायच्या आत काढून घेतील आणि ते बरोबरच आहे, त्यापेक्षा पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून सुतळीनं गळ्यात अडकवा, वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवा. आमचे पहिल्या वर्षीचे फलक स्केचपेननं लिहिलेले होते, पोवई नाक्यापर्यंत येईस्तोवर "युद्ध नको" मधला "नको" पावसात वाहून गेला आणि एका लहान मुलीच्या गळ्यात नुसता "युद्ध" राहिला, तिच्या आईनं तो फलक उलटा करून दिला. ऑइल पेंट वापरा. दुसरं, पुतळे. बॉम्बची पुठ्ठ्याची प्रतिकृती करून जाळायची कल्पना दरवर्षी कुणीतरी काढतं, प्रतिकृतींचं प्रदर्शनसुद्धा याच कलमात येतं, त्यामुळं जाळणं सोडाच, नुसती मिरवायची असेल तरी अर्जात लिहून विचारा. त्यापेक्षा कागदी पक्षी करा. हिरोशिमाची सादाको सासाकी ही मुलगी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती, पुढं ल्युकेमियानं आजारी पडली आणि दवाखान्यात पडल्या पडल्या कागदाचे क्रौंच पक्षी करत राहिली, १९५५ ला गेली. शाळेतल्या मुलांना ही गोष्ट सांगा, पक्षी ती आपोआप करतात.

अर्ज दिल्यावर दोन-चार दिवसांत गोपनीय शाखेचा माणूस फोन करतो किंवा घरी येतो. घाबरू नका, चहा द्या आणि सरळ उत्तरं द्या. पक्ष कुठला, पैसा कुणाचा, बाहेरून कोण येणार, आणि हमखास येणारा प्रश्न, हे जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचं आहे का? म्हणून अर्जातच स्पष्ट लिहा की मोर्चा अण्वस्त्रं आणि युद्ध यांच्या विरोधात आहे, अणुवीज प्रकल्पाबद्दल तुमचं मत काही का असेना तो विषय वेगळा ठेवा, नाहीतर कागद इकडून तिकडं फिरत बसतो. हा विषय देशाच्या विरोधातला आहे असं कुणी सुचवलं तर शांतपणे सांगा की हिरोशिमा-नागासाकीत गेलेल्यांना आपली संसदसुद्धा ऑगस्टमधे श्रद्धांजली वाहत आलीय, अण्वस्त्रं आधी वापरणार नाही हे भारताचं जाहीर धोरण आहे, आणि १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रमुक्त जगाचा आराखडा मांडला होता.

साताऱ्यात अजून एक गोष्ट जपावी लागते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. हा फौजींचा जिल्हा आहे. आपशिंगे मिलिटरीसारख्या गावातनं पहिल्या महायुद्धात ४६ जण मेले, आजही तिथं घराघरात वर्दी आहे, आणि आपल्या शहरात सैनिक स्कूल आहे. एकदा आमच्या गल्लीतले रिटायर्ड सुभेदार पत्रक हातात घेऊन दारात आले, म्हणाले पोरी, हे आमच्या विरोधात आहे का? मी म्हटलं नाना, तुम्ही ज्यांना खांदा दिलात त्यांच्यासाठीच आहे. ते काही बोलले नाहीत, सहा तारखेला मात्र मेडल लावून गांधी मैदानावर हजर, आणि चालले पण सगळ्यात पुढं. तेव्हापासून अर्जाच्या दुसऱ्याच ओळीत मी "हा मोर्चा कोणत्याही सैनिकाच्या किंवा सैन्यदलाच्या विरोधात नाही" हे लिहिते आणि पत्रकं वाटायला आधी माजी सैनिकांच्या घरी जाते. कुठल्याही देशाचा झेंडा जाळायचा नाही, कुठल्या धर्माचं नाव घ्यायचं नाही, हे स्वयंसेवकांना आदल्या रात्री पुन्हा एकदा सांगा.

अर्जाचा मजकूर साधारण असा ठेवा: "महोदय, दि. ६ ऑगस्ट रोजी सकाळी ८ ते १० या वेळेत हिरोशिमा दिनानिमित्त शांतता मोर्चा आयोजित केला आहे. हा मोर्चा कोणत्याही सैनिकाच्या किंवा सैन्यदलाच्या विरोधात नाही. १९४५ साल संपेपर्यंत हिरोशिमात अंदाजे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजारांच्या आसपास माणसे मृत्यू पावली. असे पुन्हा कोठेही होऊ नये आणि भारताने २०१७ च्या अण्वस्त्रबंदी करारात सहभागी व्हावे या मागणीचे निवेदन मा. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मा. राष्ट्रपतींना द्यावयाचे आहे. सुमारे २०० नागरिक सहभागी होतील. तरी परवानगी मिळावी ही विनंती." त्याखाली मार्ग, वेळ, संयोजकांची नावं, सह्या. हिरोशिमाचा आकडा अर्जातून वगळू नका, २०११ च्या जनगणनेत आख्ख्या सातारा शहराची लोकसंख्या साधारण १ लाख २० हजार होती, हे सांगितलं की समोरचा माणूस पेन खाली ठेवून ऐकतो.

परवानगीचं पत्र अटींसकट येतं, ते घरी नेऊन वाचा, तिथल्या तिथं नाही. रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवणं, अँब्युलन्सला वाट देणं अशा अटी रास्तच असतात. सोबत त्याच नवीन संहितेतली "१६८ ची नोटीस" हातात पडेल, जुने लोक तिला १४९ ची नोटीस म्हणतात, तो गुन्हा नसतो, काही बिघडलं तर तुम्हाला आधी सांगितलं होतं एवढी ती नोंद असते, सही करून एक प्रत घ्या.

नाकारली तर? तोंडी नकार मानायचा नाही, कारणासकट लेखी मागा, मिळाला की एसपींकडं फेरविचाराचा अर्ज करा आणि मार्ग किंवा वेळ बदलायची तयारी दाखवा, बऱ्याचदा इथंच सुटतं. सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचं पोलीस नियमन करू शकतात पण सरसकट मनमानी बंदी घालू शकत नाहीत हे सुप्रीम कोर्टानं १९७२ च्या हिम्मतलाल शहा खटल्यात सांगितलंय, आणि फेब्रुवारी २०२० मधे औरंगाबाद खंडपीठानं माजलगावच्या शांततेतल्या आंदोलनाला आडवे आलेले आदेश रद्द केले. आता तर सातारकरांना हायकोर्टासाठी मुंबई गाठायची गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा जिल्हा त्यात येतो.

निवेदन द्यायला पाच जणांचीच नावं ठरवा, कलेक्टर साहेब किंवा निवासी उपजिल्हाधिकारी यांची वेळ आदल्या दिवशी घ्या, आणि निवेदनाचीही पोच घ्या. मोर्चा संपल्यावर मैदानातले कागदी पक्षी, बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या उचलून झाडून काढा, मग नगरपालिकेत भाड्याची मूळ पावती दाखवून अनामत परत घ्या. झेरॉक्सवर देत नाहीत.