फ्लोरिया, जॉन

(२८ मे १९१६–२५ ऑगस्ट २०००). अमेरिकन युद्धछायाचित्रकार आणि पुढे दूरचित्रवाणी मालिकांचे दिग्दर्शक. जन्म ओहायओ राज्यातील अलायन्स येथे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकात छायाचित्रकार म्हणून काम केल्यावर १९४१ मध्ये ते ‘लाइफ’ या सचित्र साप्ताहिकात आले. त्याच वर्षी अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि ‘लाइफ’ने त्यांना आधी पॅसिफिक महासागरातील आणि नंतर युरोपातील आघाडीवर पाठवले.

त्यांचे खरे काम युरोपातले. डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियममधील माल्मेदीजवळ जर्मन सैनिकांनी शरण आलेल्या ८४ अमेरिकनांना गोळ्या घातल्या. जानेवारीत ते देह बर्फाखालून उकरून काढण्यात आले, प्रत्येकावर क्रमांकाची पट्टी ठेवली गेली. फ्लोरियांनी ते दृश्य टिपले. युद्धाच्या आरंभीच्या काळात मृत अमेरिकन सैनिकाचे छायाचित्र लष्करी परीक्षक छापूच देत नसत. ती बंदी सप्टेंबर १९४३ मध्ये उठली नसती, तर माल्मेदीची चित्रे कपाटातच राहिली असती.

मार्च १९४५ च्या अखेरीस जर्मनीतील लिंबुर्ग येथील युद्धकैद्यांची छावणी मुक्त झाली. तिथे फ्लोरियांनी एका १९ वर्षांच्या अमेरिकन सैनिकाचे छायाचित्र घेतले. वजन जेमतेम ३२ किलो, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. हा तरुण तीनच महिन्यांपूर्वी धडधाकट अवस्थेत पकडला गेला होता, हे कळल्यावर चित्र पुन्हा पाहावे लागते. तो वाचला, घरी परतला आणि नव्वदी ओलांडून जगला. पुढच्याच महिन्यात नॉर्डहाउझेन येथील छळछावणीत ओळीने मांडलेली प्रेतेही फ्लोरियांच्या कॅमेऱ्याने पाहिली.

युद्धानंतर ते हॉलिवूडमध्ये ताऱ्यांची छायाचित्रे काढू लागले. मॅरिलिन मन्रोची त्यांनी काढलेली चित्रे आजही छापली जातात. तिथून ते दूरचित्रवाणीकडे वळले. ‘सी हंट’ (१९५८–६१) या अर्ध्या तासाच्या मालिकेचे अनेक भाग त्यांनी दिग्दर्शित केले. लॉइड ब्रिजेस यात पाणबुड्या झाला होता. पाण्याखाली संवाद बोलता येत नाहीत, म्हणून नायक पडद्यामागून गोष्ट सांगे आणि बाकी भार चित्रावर. छायाचित्रकाराला हे सोयीचेच. मात्र पाण्याखालचे चित्रण लॅमार बोरेन करीत, त्याचे श्रेय फ्लोरियांना देऊ नये.

‘बोनान्झा’, ‘द व्हर्जिनियन’ यांसारख्या पश्चिमपटांच्या (जुन्या अमेरिकन पश्चिमेतील काउबॉयांच्या कथांच्या) मालिकांतही त्यांनी काम केले. अशा मालिकांत दिग्दर्शक पाहुण्यासारखा येतो: पात्रे, सेट, संगीत सारे आधीच ठरलेले, आणि वेळापत्रक कडक. त्यामुळे त्यांचा भाग कोणता, हे श्रेयनामावली वाचल्याशिवाय कळत नाही. लिंबुर्गचे चित्र मात्र एकदा पाहिले की लक्षात राहते. साठी ओलांडल्यावर त्यांनी ‘चिप्स’ (१९७७–८३) या कॅलिफोर्नियातील मोटारसायकलस्वार पोलिसांच्या मालिकेचे भाग केले. त्यात जवळजवळ दर आठवड्याला गाड्या एकमेकींवर आदळत, उलटत आणि बहुतेक माणसे कपडे झटकत बाहेर येत.