गरम व्हिस्कीने थंडी पळते?

डिसेंबर उजाडला की 'गरम पाण्यात दोन घोट टाक, ऊब येईल' हा सल्ला ठरलेला. ऊब वाटते हे खरं, पण शरीर तापत नाही, उलट निवतं. मद्यामुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतलं गरम रक्त कातडीपाशी येतं. तिथे गाल लाल होतात, छान वाटतं आणि ती उष्णता सरळ बाहेरच्या हवेत जाते. शिवाय कुडकुडणं कमी होतं, म्हणजे शरीराची स्वतःची शेगडीही मंदावते. म्हणून ट्रेकला, शेकोटीपासून लांब, हा उपाय धोक्याचा.

सर्दीचं काय? २००८ मध्ये ब्रिटनच्या कार्डिफ विद्यापीठात गरम फळसरबत देऊन पाहिलं. शिंका, खोकला, घसादुखी यांत बरं वाटलं. त्यात मद्य नव्हतं. तेव्हा श्रेय गरम पाण्याचं, व्हिस्की नुसतीच मिरवते. आणि तान्ह्या बाळाला चमचाभर ब्रँडी चाटवणं तर अजिबात नको. त्याची रक्तातली साखर धोकादायक रीतीने घसरू शकते.

चवीसाठी हॉट टॉडी, म्हणजे मध-लिंबू घातलेली गरम पाण्यातली व्हिस्की, जरूर करा, पण घरात बसून. जाड ग्लास आधी गरम पाण्याने विसळा. ४५ मिली व्हिस्की, चमचाभर मध, थोडा लिंबूरस, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा; वर दीडशे मिली गरम पाणी. पाणी उकळल्यावर मिनिटभर थांबूनच ओता, नाहीतर पहिल्याच घोटाला वाफेतलं मद्य नाकात झोंबतं. सर्दीच्या गोळीने आधीच झोप येत असेल, तर मात्र व्हिस्की वगळा.