अनार्तव, हायपोथॅलॅमसजन्य कार्यिक

आहार कमी करून व्यायाम वाढविलेल्या स्त्रीची पाळी थांबणे. वजन सामान्य मर्यादेत असतानाही ही अवस्था येते, आणि प्रस्तुत नोंद मुख्यत्वे अशाच स्त्रियांविषयी आहे. हायपोथॅलॅमस हा मेंदूचा संप्रेरकांवर नियंत्रण ठेवणारा भाग. ‘कार्यिक’ म्हणण्याचे कारण असे की मेंदू, पोष (पिट्युटरी) ग्रंथी वा अंडाशय यांच्या रचनेत दोष नसतो. त्यांचे काम मंदावलेले असते व कारण दूर झाल्यावर ते बहुधा पूर्ववत होते. एरवी नियमित पाळी येणाऱ्या स्त्रीला सलग तीन महिने, किंवा मुळात अनियमित असणाऱ्या स्त्रीला सहा महिने पाळी न आल्यास दुय्यम अनार्तव म्हणतात. चक्र वारंवार ४५ दिवसांहून लांबत असेल तर तेवढ्यावरूनही तपासणी करावी, असे अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. एखादी पाळी आठ-दहा दिवस पुढे जाणे यात मोडत नाही. सणावारासाठी किंवा पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या असतील तर तो महिना हिशेबातून वगळावा लागतो. वैद्याला हे सांगायचे पुष्कळदा राहून जाते.

पूर्वपीठिका : पोटात जाणारे अन्न आणि पाळी यांचा संबंध जुन्या वैद्यकालाही ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत रज हे आहारापासून बनणाऱ्या रसधातूतून उत्पन्न होते असे मानले आहे. ‘आर्तवक्षय’ या तिथल्या अवस्थेत पाळी वेळेवर न येणे आणि अल्प येणे या दोन्हींचा समावेश आहे. मात्र आर्तवक्षय म्हणजेच आजचे हायपोथॅलॅमसजन्य अनार्तव, असे समीकरण मांडणे धाडसाचे होईल. त्या संज्ञेची व्याप्ती बरीच मोठी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या एफिससच्या सोरॅनसने गायनस्पर्धांत उतरणाऱ्या व शारीरिक कसरती करणाऱ्या स्त्रियांना पाळी येत नाही, कारण स्रावासाठी शरीरात काही शिल्लकच राहत नाही, असे नोंदविले. आजच्या मताशी हे विधान चकित करण्याइतके जुळते.

आधुनिक संज्ञा १९४० च्या दशकातील आहे. क्लाइनफेल्टर, ऑलब्राइट व ग्रिझवोल्ड यांनी १९४३ मध्ये हायपोथॅलॅमसमुळे होणाऱ्या स्त्रीमदजन-न्यूनतेचे (इस्ट्रोजेनच्या कमतरतेचे) वर्णन केले. १९४६ मध्ये रायफेनस्टाइन यांनी ‘मनोजन्य किंवा हायपोथॅलॅमिक अनार्तव’ असा जोडशब्द वापरला. त्यातील ‘मनोजन्य’ या विशेषणाने पुढे बराच गोंधळ घातला. ‘टेन्शन घेऊ नकोस, पाळी येईल’ या घरोघरच्या सल्ल्यामागे तीच समजूत आहे. ती सर्वस्वी चूक नाही, पण अपुरी आहे.

कारणमीमांसेचा वाद : पाळी थांबते ती चरबी घटल्यामुळे, व्यायामाच्या ताणामुळे की ऊर्जा अपुरी पडल्यामुळे, यावर सुमारे तीस वर्षे मतभेद होते. रोझ फ्रिश व रॉजर रेव्हेल यांनी १९७० मध्ये पहिली पाळी ठराविक वजनाला, सुमारे ४८ किग्रॅ. ला, येते असे मांडले. १९७४ मध्ये फ्रिश व मॅकआर्थर यांनी त्याला चरबीचे रूप दिले : पाळी सुरू होण्यास शरीरात किमान १७ टक्के आणि ती टिकण्यास किमान २२ टक्के चरबी हवी. हे आकडे अजूनही व्यायामशाळांत ऐकू येतात. त्यांवरचे आक्षेप मात्र गंभीर आहेत. मूळ अभ्यासात चरबी प्रत्यक्ष मोजलेली नव्हती, उंची व वजन यांवरून काढलेला तो अंदाज होता. सारखीच चरबी असलेल्या दोन धावपटूंपैकी एकीला पाळी येते, दुसरीला येत नाही, असेही दिसते. मिशेल वॉरन यांनी १९८० मध्ये बॅले नर्तकींविषयी दाखविले, की सरावात खंड पडताच वजनात फारसा फरक न होता पाळी परत येते. चरबी हीच किल्ली असती तर असे घडले नसते. १९९४ मध्ये मेदपेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागल्यावर फ्रिश यांच्या कल्पनेला थोडा उजाळा मिळाला. २००४ मध्ये वेल्ट व सहकाऱ्यांनी अशा काही स्त्रियांना कृत्रिम लेप्टिन दिले तेव्हा त्यांपैकी काहींना बीजमोचन (अंडाशयातून बीज बाहेर पडणे) झाले. परंतु उपासमार सुरू होताच चरबी घटण्याआधीच लेप्टिन उतरते. म्हणजे ते साठ्यापेक्षा आवक-जावकेची खबर जास्त देते.

व्यायामाच्या ताणाचा पक्ष १९८५ मध्ये बुलेन व सहकाऱ्यांच्या प्रयोगाने पुढे आला. व्यायामाची सवय नसलेल्या तरुणींना कसून धावण्यास लावल्यावर बहुतेकींचे चक्र बिघडले. पण ज्यांचे वजनही उतरविले त्यांच्यात बिघाड अधिक होता, हा तपशील बहुधा विसरला जातो. ॲन लाउक्स यांनी १९९८ मध्ये ताण व ऊर्जा यांची फारकत करून पाहिली : व्यायामात खर्च झालेली ऊर्जा आहारातून भरून दिल्यास एलएच या अंडाशयाला चालना देणाऱ्या, पोष ग्रंथीच्या संप्रेरकाच्या स्पंदांवर (ठोक्याठोक्याने होणाऱ्या स्रावावर) व्यायामाचा वेगळा परिणाम दिसत नाही. माकडिणींवरचा २००१ चा विल्यम्स, कॅमेरॉन व सहकाऱ्यांचा प्रयोग याहून बोलका आहे. धावण्याने पाळी थांबलेल्या माकडिणींचे धावणे तसेच चालू ठेवून खाद्य वाढविले आणि पाळी परतली. या पुराव्यांपुढे आज ऊर्जेचे मतच सर्वाधिक ग्राह्य वाटते. मानसिक ताण त्यात भर घालतो, एकटा क्वचितच पुरा पडतो.

यंत्रणा : हायपोथॅलॅमस जीएनआरएच हे पोष ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक सतत नव्हे तर ठोक्याठोक्याने सोडतो. अर्न्स्ट क्नोबिल यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऱ्हीसस माकडिणींवर दाखविले, की ते अखंड दिल्यास पोष ग्रंथी गप्प होते आणि तासाला एक ठोका दिल्यास कामाला लागते. स्त्रीमध्ये पाळीनंतरच्या पंधरवड्यात हे ठोके सुमारे ६० ते ९० मिनिटांनी पडतात. ऊर्जा अपुरी पडली की ते विरळ होतात, एलएच घटते, अंडाशयातील पुटक (बीज धारण करणारी पिशवी) वाढत नाही, इस्ट्रोजेन बनत नाही, गर्भाशयाचे अस्तर पातळच राहते आणि गळून पडण्यासारखे काही उरत नाही. दरम्यान टी-३ (अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक) उतरते, कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक) चढते, घ्रेलिन (भुकेचे संप्रेरक) वाढते. हा बिघाड एकदम होत नाही. आधी चक्राचा उत्तरार्ध आखडतो, मग बीजमोचन चुकते, मग पाळ्या लांबतात आणि शेवटी थांबतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर पाळी महिन्याच्या महिन्याला येतच असते, त्यामुळे त्या कोणाच्या लक्षात येत नाहीत.

उपलब्ध ऊर्जेचा हिशेब : आहारातील ऊर्जेतून व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा करून बाकी शरीराच्या चरबीविरहित वजनाने भागतात. उदा., उंची १६० सेंमी., वजन ५८ किग्रॅ. म्हणजे बीएमआय २२.७, भारतीयांसाठीच्या १८.५ ते २२.९ या कडक मर्यादेतही बसणारा. चरबी २६ टक्के धरल्यास चरबीविरहित वजन सुमारे ४३ किग्रॅ. ही स्त्री डाएट म्हणून १,४०० किलोकॅलरी खाते आणि जिममध्ये ४५० खर्च करते. बाकी ९५०, भागिले ४३, म्हणजे दर किलोस २२. निरोगी तरुणीस सुमारे ४५ लागतात. लाउक्स व थूमा यांच्या २००३ च्या प्रयोगात ३० च्या खाली गेल्यावर अवघ्या पाच दिवसांत एलएचचे स्पंद विस्कळीत झाले. या स्त्रीला ३० गाठण्यास १,७४० आणि ४५ गाठण्यास सुमारे २,३८५ किलोकॅलरी खाव्या लागतील. वजनकाट्यावर यातले काही दिसत नाही. शरीर विश्रांतीतला खर्च कमी करून तूट झाकते, वजन स्थिर होते, आणि ‘मी पुरेसे खाते’ असा तिचा प्रामाणिक समज होतो.

३० हा आकडा मात्र लक्ष्मणरेषा समजू नये. २०१८ मध्ये लीबरमन व सहकाऱ्यांना असा ठाम उंबरठा आढळला नाही. ऊर्जा जसजशी घटते तसतशी बिघाडाची शक्यता वाढत जाते. पहिल्या पाळीला थोडीच वर्षे झालेल्या मुली लवकर बळी पडतात. काहींमध्ये जीएनआरएचशी संबंधित जनुकांतील बदल असल्याचे २०११ मध्ये दिसून आले. एकाच जिममधल्या, एकच डाएट करणाऱ्या दोघींपैकी एकीचीच पाळी का जाते, याचे अंशतः उत्तर तिथे मिळते.

तूट नेहमी हट्टानेच येते असे नाही. उपाशीपोटी काळी कॉफी, तासभर व्यायाम आणि पहिला घास अकराला, असे वेळापत्रक. सॅलड, ताक, सूप यांनी पोट भरते पण ऊर्जा येत नाही असे ताट. भात-पोळी व तेल-तूप एकदमच बंद करणे. आणि त्यावर चतुर्थी-एकादशीचे किंवा नवरात्राचे उपवास व्यायाम न थांबवता करणे, या नेहमीच्या वाटा आहेत. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाणारीची तूट निर्जळी करणारीपेक्षा अर्थातच कमी असते.

निदान : ते इतर कारणे वगळूनच होते. सर्वप्रथम गरोदरपणाची चाचणी, मग रक्तातील टीएसएच (थायरॉइडची चाचणी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारे संप्रेरक), एफएसएच (पुटक वाढविणारे संप्रेरक), एलएच व इस्ट्राडायॉल (मुख्य इस्ट्रोजेन). या अवस्थेत एलएच कमी आणि बहुधा एफएसएचपेक्षाही खाली, इस्ट्राडायॉल बहुतेकदा मिलिलिटरला ५० पिकोग्रॅमच्या आत, प्रोलॅक्टिन सामान्य असे चित्र दिसते. एफएसएच बरेच वाढलेले असल्यास दोष अंडाशयात शोधावा. डोकेदुखी, दृष्टिदोष किंवा स्तनांतून दूध येणे असल्यास मेंदूचा एमआरआय लागतो. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखे औषध) १० मिग्रॅ. रोज, ५ ते १० दिवस देऊन थांबविल्यावर आठवडाभरात स्राव झाला नाही, तर इस्ट्रोजेनची कमतरता समजते. हातपाय गार पडणे, मलावरोध, केस गळणे, नाडी मंदावणे, योनीचा कोरडेपणा व कामेच्छा घटणे ही सोबतची लक्षणे विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे पीसीओडी किंवा पीसीओएस (अंडाशयात पुष्कळ पुटके दिसणारा विकार) असा शिक्का. अशा अनेक स्त्रियांच्या सोनोग्राफीतही अंडाशयात बारीक पुटके पुष्कळ दिसतात आणि अहवालावर ‘पॉलिसिस्टिक’ हा शब्द उमटतो. मग वजन उतरवा, गोड व भात बंद करा, व्यायाम वाढवा असा सल्ला मिळतो, आणि मुळात ज्याने पाळी गेली तेच आणखी होते. पीसीओएसमध्ये पुरुषी संप्रेरके वाढलेली, मुरुमे किंवा हनुवटीवर राठ केस, एलएच चढे आणि अस्तर बहुधा जाड असते; इथे हे सारे उलट असते. आधी पाळी नियमित होती आणि डाएट सुरू केल्यावर गेली, एवढा इतिहास नीट विचारला तरी बराच उलगडा होतो.

हाडे : बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी १९८४ मध्ये सरासरी पंचविशीतल्या, पाळी बंद असलेल्या खेळाडूंच्या कण्याची घनता पन्नाशीतल्या स्त्रियांइतकी असल्याचे दाखविले. नडगी व पावलाच्या हाडांना बारीक तडे जाणे हे पुष्कळदा पहिले दृश्य चिन्ह ठरते. अनार्तव सहा महिन्यांहून जास्त टिकल्यास डेक्सा ही हाडांची घनता मोजणारी चाचणी करतात. तरुण स्त्रीत टी (तरुण प्रौढांशी तुलना करणारा) नव्हे, झेड (समवयस्कांशी तुलना करणारा) गुणांक वाचायचा असतो. गेलेली घनता पाळी आल्यावरही पूर्ण भरून येईलच असे नाही.

उपचार : आहार वाढविणे हाच मुख्य उपचार. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डी सूझा व सहकाऱ्यांच्या वर्षभराच्या चाचणीत रोजची ऊर्जा २० ते ४० टक्क्यांनी वाढविण्याचे उद्दिष्ट होते. १,४०० खाणारीसाठी ती २८० ते ५६० किलोकॅलरींची भर होते. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे (सुमारे १७०), एक केळे (सुमारे १००) आणि पोळी-भाकरीवर दोन लहान चमचे तूप (सुमारे ९०) यांत ३६० झाल्या. भर व्यायामाच्या आगेमागे विभागलेली बरी. रात्रीच्या एका जेवणात कोंबल्यास दिवसभराची तूट तशीच राहते. एकदम फार वाढविल्यास पोट फुगते आणि बेत मोडतो, म्हणून आठवड्याला शंभर-दोनशेने चढावे. कडक व्यायामाचे दिवस कमी करून आठवड्यातून निदान एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. वजन दोन-तीन किलो वाढणे अपेक्षित आहे. पाळी ज्या वजनाला गेली त्याच्या थोडे वरच ती बहुधा परतते. ज्यांना हे वाढलेले वजनच सोसत नाही, त्यांना आहारतज्ज्ञाइतकीच मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. बर्गा यांच्या २००३ च्या १६ स्त्रियांवरील चाचणीत २० आठवड्यांच्या बोधात्मक वर्तनोपचाराने आठांपैकी सहा जणींना बीजमोचन सुरू झाले, नुसत्या निरीक्षणाखालील आठांपैकी एकीलाच.

गर्भनिरोधक गोळ्यांनी येणारा मासिक स्राव ही पाळी नव्हे. तो गोळी थांबविल्याचा परिणाम असतो. मूळ अवस्था त्याखाली झाकली जाते आणि हाडांनाही संरक्षण मिळत नाही. त्यामुळे केवळ पाळी आणण्यासाठी त्या देऊ नयेत, असे २०१७ च्या सूचनांत म्हटले आहे. सहा ते बारा महिने आहार-विहार सुधारूनही पाळी न आल्यास त्वचेवर चिकटविण्याच्या पट्टीतून इस्ट्राडायॉल व जोडीला ठराविक दिवस प्रोजेस्टेरॉन, अल्पकाळ देतात.

अपत्याची इच्छा असल्यास पंपाने ठोक्याठोक्याने जीएनआरएच देणे हा शरीरक्रियेला सर्वांत जवळचा उपाय आहे. तो उपलब्ध नसेल तेथे गोनॅडोट्रॉपिनची (एफएसएच, एलएच यांची) इंजेक्शने वापरतात. इस्ट्रोजेनची पातळी फार खाली असताना क्लोमिफीन या बीजमोचन घडविणाऱ्या गोळीचा उपयोग बेताचाच होतो. पहिली पाळी येण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीच बीजमोचन होत असल्याने, आहार सुधारत असलेल्या स्त्रीला मधली पाळी न येताच गर्भ राहू शकतो. मूल नको असल्यास गर्भनिरोधन पाळीची वाट न पाहता सुरू करावे लागते.