शरिया मंडळे: सल्ल्याकडून कायद्याकडे

इजिप्तमधील मित घम्र येथे अहमद अल-नज्जार यांनी १९६३ मध्ये सुरू केलेल्या बिनव्याजी बचत बँकेत शरियतच्या जाणकारांचे स्वतंत्र मंडळ नव्हते. राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या राजवटीत संस्थेचे धार्मिक स्वरूप उघडपणे न मिरवणेच सोयीचे होते. १९७५ मध्ये दुबई इस्लामिक बँक स्थापन झाली, ठेवी वाढल्या आणि आपल्या पैशाचा व्यवहार खरोखर व्याजमुक्त आहे याची खात्री ठेवीदारांना कोण देणार, हा प्रश्न पुढे आला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात इजिप्तच्या फैसल इस्लामिक बँकेने शरिया मंडळ नेमले आणि इतर बँकांनीही तोच मार्ग धरला.

मात्र कराराच्या मसुद्याला उलेमांची मान्यता मिळाली म्हणजे काम संपत नाही. मुराबहा व्यवहारात बँकेने वस्तू आधी स्वतः विकत घेऊन, तिची मालकी व जोखीम पत्करून, मगच ती नफा जोडून ग्राहकाला हप्त्यांवर विकायची असते. ही खरेदी केवळ कागदावर झाली, तर उरते ते व्याजाचे कर्जच. त्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारांची तपासणी मला फतव्याइतकीच महत्त्वाची वाटते. ती करणाऱ्यांची नेमणूक आणि मानधन बँकेच्याच हाती असणे, ही या व्यवस्थेची मूळ अडचण होय.

निरनिराळ्या मंडळांच्या निर्णयांत मेळ असावा म्हणून १९९१ मध्ये बहारीनमध्ये ‘आयोफी’ ही इस्लामी वित्तसंस्थांसाठी मानके ठरवणारी संस्था नोंदवली गेली. तिच्या शरिया मंडळाचे अध्यक्ष मुफ्ती तकी उस्मानी यांनी २००७ मध्ये बाजारातील बहुतेक सुकूक, म्हणजे मालमत्तेतील वाट्यावर आधारलेले इस्लामी रोखे, शरियतला धरून नाहीत, असे स्पष्टपणे सांगितले. पुढच्याच वर्षी संस्थेने भागीदारीवर आधारलेल्या सुकूकमधील मालमत्ता दर्शनी किमतीला परत घेण्याच्या आगाऊ हमीला मनाई केली; अशा हमीमुळे गुंतवणूकदाराची जोखीम संपून रोखा व्याजाच्या कर्जासारखाच होतो. ही टीका व्यवस्थेच्या आतून आली, हे विशेष.

मलेशियाने देखरेखीला कायद्याचे बळ दिले. तेथील मध्यवर्ती बँकेत १९९७ मध्ये शरिया सल्लागार परिषद आली. २००४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी एकाच जाणकाराला दोन इस्लामी बँकांच्या समित्यांवर बसण्यास मज्जाव केला. २००९ च्या कायद्याने परिषदेचे निर्णय न्यायालयांवरही बंधनकारक ठरवले. अशाने न्यायाधीशांचा अधिकार परिषदेकडे जातो, हा आक्षेप फेडरल कोर्टापर्यंत पोहोचला आणि २०१९ मध्ये बहुमताने फेटाळला गेला.