महागड्या मोबाइलमध्ये जास्तीचे पैसे नेमके कुठे जातात?

एक स्मार्टफोन दुसऱ्याच्या तिप्पट किमतीला विकला जातो, पण त्याच्यावरून संदेश तिप्पट वेगाने जात नाहीत, आवाज तिप्पट स्पष्ट ऐकू येत नाही आणि त्याची बॅटरी तर पुष्कळदा स्वस्त फोनपेक्षा लहानच असते. जास्तीची किंमत म्हणजे निव्वळ नावाचा भाव, असे म्हणून विषय संपवता येतो. महाग आहे म्हणजे चांगलेच असणार, असे मानून पैसेही मोजता येतात. दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात, कारण फोनच्या प्रत्येक भागाला भौतिकशास्त्राने घातलेली मर्यादा वेगळी आहे. काही भागांवर कितीही खर्च केला तरी होणारी सुधारणा आपल्या इंद्रियांना जाणवतच नाही, आणि काही भागांत मात्र खर्चाला पर्यायच नसतो.

सुरुवात स्क्रीनपासून करू, कारण दुकानात नजर आधी तिथेच जाते. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातील दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो. फोन डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरला तर हे अंतर ०.०८७ मिलिमीटर भरते, म्हणजेच एका इंचात सुमारे २९० बिंदू. १०८० × २४०० पिक्सेलच्या, म्हणजे चित्राच्या बिंदूंच्या, ६.७ इंची स्क्रीनवर, जी आज मधल्या किमतीच्या फोनमध्ये सर्रास मिळते, इंचाला सुमारे ३९० पिक्सेल बसतात. महागड्या फोनमध्ये ते ५०० च्या पुढे जातात, पण हा फरक टिपण्याची क्षमता बहुतेकांच्या डोळ्यांतच नाही. अगदी तळाच्या फोनमधील ७२० × १६०० पिक्सेलची स्क्रीन मात्र याच आकारात २६० च्या आसपास अडते आणि तिथे अक्षरांच्या कडा खरोखरच किंचित फुटलेल्या दिसतात. झळाळीचेही असेच आहे. एर्न्स्ट वेबर आणि त्यांच्यानंतर १८६० मध्ये गुस्टाव्ह फेक्नर या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की आपली इंद्रिये फरकाचे मोजमाप बेरजेने नव्हे तर प्रमाणाने करतात; त्यामुळे स्क्रीनचा प्रकाश दुप्पट केला तरी ती दुप्पट उजळ वाटत नाही. जाहिरातीतले झळाळीचे कमाल आकडे तर बहुधा स्क्रीनच्या लहानशा भागापुरते आणि थोड्या वेळापुरतेच गाठलेले असतात. एकेकाळी महागड्या फोनची ओळख असलेला, प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशणारा ओएलईडी पडदा आणि सेकंदाला १२० वेळा बदलणारे चित्र आता खूप खाली उतरले आहे. स्क्रीनसाठी तिप्पट पैसे मोजावेत असे कारण मला आज दिसत नाही.

कॅमेऱ्याची गोष्ट अगदी वेगळी आहे. स्वस्त फोनवरही ५० मेगापिक्सेल लिहिलेले असते आणि महागड्यावरही, त्यामुळे ग्राहकाला दोन्ही सारखेच वाटतात. पण स्वस्त फोनच्या सेन्सरवरील, म्हणजे भिंगामागच्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवरील, एका पिक्सेलची बाजू ०.६४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असू शकते, तर ज्याला ‘एक इंची’ म्हणतात त्या मोठ्या सेन्सरवर तीच १.६ मायक्रॉन असते. बाजू अडीच पट, म्हणजे क्षेत्रफळ सव्वासहा पट. प्रकाश हा फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, रूपाने येतो आणि फोटॉन एकसारख्या लयीत येत नाहीत. सरासरी १०० फोटॉन अपेक्षित असतील तर प्रत्यक्ष संख्या साधारण वर्गमूळाइतकी, म्हणजे १० ने, मागेपुढे होते. मंद उजेडातल्या खोलीत लहान पिक्सेलवर १०० फोटॉन पडले तर चढउतार १० टक्के झाला. त्याच वेळात आणि तेवढ्याच उघड्या भिंगातून मोठ्या पिक्सेलवर ६२५ पडतात, त्यांचे वर्गमूळ २५, म्हणजे चढउतार अवघा ४ टक्के. रात्रीच्या फोटोत सावलीच्या भागात जो दाणेदारपणा दिसतो तो बहुतांशी हाच चढउतार आहे. सॉफ्टवेअर तो पुसून काढते, पण पुसताना केसांच्या बटा आणि कापडाचे विणकामही पुसले जाते, म्हणूनच अशा फोटोत चेहरा मेणाचा असल्यासारखा वाटतो. भर दुपारी हीच तुलना केली तर दोन्ही पिक्सेलना भरपूर फोटॉन मिळतात आणि मोबाइलच्या स्क्रीनवर दोन फोटो वेगळे सांगणे अवघड होऊन बसते.

मेगापिक्सेलच्या आकड्याविषयी थोडे कठोर बोलायला हवे. एफ/१.८ भिंगातून (हा आकडा भिंग किती उघडे आहे ते सांगतो) आलेला हिरव्या प्रकाशाचा बिंदू, भिंग अगदी निर्दोष असले तरी, सुमारे २.४ मायक्रॉन व्यासाच्या चकतीत पसरतो. हा प्रकाशाच्या विवर्तनाचा, म्हणजे छिद्रातून जाताना पसरण्याचा, नियम आहे आणि कोणतीही कंपनी तो बदलू शकत नाही. म्हणजे ०.६४ मायक्रॉनचे जवळजवळ चार पिक्सेल एका रांगेत एकाच बिंदूने व्यापले जातात. म्हणूनच असे सेन्सर चार-चार पिक्सेल एकत्र करून प्रत्यक्षात साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात. कॅमेऱ्यांची संख्या वाढवण्यासाठी स्वस्त फोनच्या पाठीवर बसवलेले २ मेगापिक्सेलचे जास्तीचे भिंग तर ग्राहकाची सरळसरळ दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठा सेन्सर महाग का पडतो, हेही समजण्यासारखे आहे. सिलिकॉनच्या एका चकतीतून असे सेन्सर कमी निघतात, आणि क्षेत्रफळ वाढले की त्यात दोष सापडण्याची शक्यताही वाढते. शिवाय त्याच्यासाठी भिंग मोठे लागते आणि ते सेन्सरपासून दूर बसवावे लागते. फोनच्या पाठीवरचा उंचवटा येतो तो याच कारणाने. दूरचे दृश्य जवळ आणण्याच्या बाबतीत तर पळवाट नाहीच. नुसत्या सॉफ्टवेअरने पाच पट झूम करणे म्हणजे सेन्सरचा पंचविसावा भाग कापून मोठा करणे, म्हणजे ५० पैकी २ मेगापिक्सेल हाती राहणे. महागड्या फोनमध्ये लोलकाने प्रकाश काटकोनात वळवून तो फोनच्या आत आडव्या बसवलेल्या भिंगांतून नेतात. मंचावरची मुले, झाडावरचे पक्षी किंवा खेळाचे मैदान टिपणाऱ्याला हा खर्च सार्थकी लागलेला दिसेल.

तरीही सॉफ्टवेअरला कमी लेखता येणार नाही. २०१९ मध्ये गूगलने पिक्सेल ३ए हा फोन पिक्सेल ३ च्या जवळपास निम्म्या किमतीत आणला. मागचा मुख्य कॅमेरा दोन्हींत तोच होता आणि अनेक फ्रेम एकावर एक रचून अंधारातला फोटो सुधारणारे तंत्रही तेच. स्वस्त फोनमध्ये बदलले होते ते शरीर, जे प्लॅस्टिकचे होते, आणि चिप, जी धिमी होती. फोटो तयार व्हायला थोडा जास्त वेळ लागायचा, पण तयार झालेला फोटो जवळजवळ तसाच असायचा. किंमत आणि फोटो यांचे नाते सेन्सर आणि गणित यांच्यातून जाते, काच आणि धातू यांच्यातून नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

चिपकडे वळू. ‘३ नॅनोमीटर’ हे चिपच्या पिढीचे नाव आहे. तिच्यातला कोणताही भाग मोजून ३ नॅनोमीटर भरत नाही. मात्र पिढी नवी असली की ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले सूक्ष्म स्विच, कमी व्होल्टेजवर चालतात, आणि चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरले तर त्याच कामाला १९ टक्के वीज कमी लागते, अर्थात तितकीच उष्णताही कमी निर्माण होते. फोनला सहसा पंखा नसतो. हाताला न पोळता त्याच्या पृष्ठभागातून सतत बाहेर टाकता येते ती उष्णता जेमतेम काही वॅट, त्यामुळे कोणतीही चिप तिच्या सर्वोच्च वेगाने काही मिनिटेच धावते आणि मग स्वतःला आवरते. वेगाच्या चाचण्यांमधले आकडे पुष्कळदा त्या पहिल्या मिनिटांचे असतात. संदेश, नकाशे, बातम्या आणि पैशांचे व्यवहार यांना मधल्या किमतीची चिप पुरून उरते. तासभर चालणारा खेळ किंवा उन्हात लांबलचक व्हिडिओ चित्रित करणे असेल तर फरक हाताला जाणवतो.

फोन ‘हँग होतो’ तेव्हा दोष बहुधा चिपच्या माथी मारला जातो, पण माझ्या मते जास्त लक्ष स्टोरेजकडे, म्हणजे अॅप आणि फोटो साठवणाऱ्या मेमरीकडे, द्यावे. अगदी स्वस्त फोनमधील ईएमएमसी प्रकारचे स्टोरेज एका वेळी वाचते किंवा लिहिते, दोन्ही एकदम करत नाही, आणि त्याच्या जोडणीची कमाल क्षमता सेकंदाला ४०० मेगाबाइट असते. यूएफएस प्रकार दोन्ही कामे एकाच वेळी करतो आणि त्याची ४.० आवृत्ती वाचनात सेकंदाला ४,००० मेगाबाइटच्या पुढे जाते. त्यातच दोन्ही प्रकारांत वापरल्या जाणाऱ्या फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी सगळा गठ्ठा पुसावा लागतो. जागा भरत आली की जुनी माहिती इकडून तिकडे हलवण्यातच वेळ जातो, आणि धिम्या स्टोरेजच्या फोनमध्ये तो वेळ थेट आपल्याला सोसावा लागतो. यूएफएस आता मधल्या किमतीतही मिळते, तेव्हा त्याच्यासाठी सर्वांत वरच्या पायरीवर जाण्याची गरज नाही; तळाची पायरी मात्र टाळावी.

बॅटरीच्या बाबतीत महागडा फोन फारसे काही वेगळे देत नाही. लिथियम-आयन रसायन दोन्हीकडे तेच आहे, उष्णतेने आणि सतत शंभर टक्के भरून ठेवण्याने ते दोन्हीकडे सारखेच थकते. काचही सोडियमच्या जागी पोटॅशियमचे आयन बसवून कणखर केलेलीच असते. ती पडल्यावर तगण्याची शक्यता वाढते, पण वाळूतल्या क्वार्ट्झचा ओरखडा महागड्या काचेवरही उठतो. पाण्यापासूनचे संरक्षण उपयोगी खरे, मात्र ते गोड्या पाण्यात आणि नव्या फोनवर तपासलेले असते, आणि आतली रबरी सीलबंदी वर्षांगणिक सैल होत जाते.

किमतीचा हिशेब सर्वांत जास्त बदलतो तो अपडेटमुळे. सुरक्षेचे अपडेट थांबले की फोन चालत राहतो, पण सापडलेल्या त्रुटी उघड्याच राहतात, आणि ज्या फोनवर बँकेचे व्यवहार होतात त्याच्यासाठी ही गंभीर बाब आहे. गूगलने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या जानेवारीत गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. बऱ्याच स्वस्त फोनना दोन ते चार वर्षेच मिळतात. तिप्पट किमतीचा फोन सात वर्षे वापरला आणि स्वस्त फोन दर अडीच वर्षांनी बदलला, तर वर्षाकाठी खर्च जवळपास सारखा येतो. पण हे गणित महागडा फोन खरोखर सात वर्षे वापरणाऱ्यालाच लागू पडते. दर दोन वर्षांनी नवा घेणाऱ्याने न वापरलेल्या वर्षांचेही पैसे भरलेले असतात. शिवाय ही दरीही बुजत चालली आहे. सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी या साध्या फोनलाही सहा वर्षांचे अपडेट देऊ केले, आणि युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत मॉडेलची विक्री संपल्यापुढे किमान ५ वर्षे अपडेट मिळावेत आणि ८०० चार्जिंगनंतरही बॅटरीची ८० टक्के क्षमता टिकावी अशा अटी आहेत.

या सगळ्यातून मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो तिसरा मार्ग, म्हणजे एक-दोन वर्षांपूर्वी बाजारात आलेला वरच्या श्रेणीचा फोन उतरलेल्या किमतीत घेणे. त्याचा सेन्सर काळाबरोबर लहान होत नाही, लोलक आणि भिंगे तशीच राहतात, वेगवान स्टोरेजही पुरेसे असते, आणि वापरलेला घेतलाच तर बॅटरी बदलून घेता येते. फक्त एक तारीख तपासायला हवी. कंपनीने वचन दिलेली अपडेटची वर्षे आपण फोन घेतो त्या दिवसापासून नव्हे, तर तो पहिल्यांदा बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जातात. पिक्सेल ८ साठी ती मुदत ऑक्टोबर २०३० मध्ये संपते, मग तो न उघडलेल्या खोक्यातून आज का काढलेला असेना.