'मी ख्रिसमसपर्यंत असेन का गं?' - पुढच्या काळजीबद्दल बोलायचं ट्रेनिंग आलं कुठून

माझी मावसबहीण स्कॉटलंडमधे फाइफला एका केअर होममधे केअर असिस्टंट आहे. मागे तिला कामावरून एका ट्रेनिंगला पाठवलं होतं, आल्यावर फोनवर म्हणाली, अरे दिवसभर आम्हाला फक्त बोलायला शिकवत होते, एक नट आणला होता पेशंट म्हणून आणि त्याच्याशी बोलताना मला खरंच रडू आलं. मी हसलो. मग तिने सांगितलं की होममधल्या एका आजींनी दुपारचा चहा देताना तिला सहज विचारलेलं, मी ख्रिसमसपर्यंत असेन का गं? आणि ती 'असं काय बोलता' म्हणून बिस्किटांचा डबा पुढे करून निघून आली होती. ट्रेनिंग ह्यासाठीच होतं म्हणे. ह्या विषयाला तिकडे 'फ्युचर केअर प्लॅनिंग' म्हणतात, म्हणजे तब्येत आणखी ढासळली तर तुम्हाला काय हवंय काय नकोय, हॉस्पिटलला जायचंय की इथेच राहायचंय, तुमच्या वतीने कोणी बोलायचं, हे सगळं आधीच, माणूस नीट बोलू शकतोय तोवर बोलून आणि लिहून ठेवणं. मला प्रश्न पडला की एवढी साधी गोष्ट शिकवावी का लागते, आणि म्हणून हे सगळं मागे जाऊन वाचलं.

सुरुवात बोलण्यातून झालेलीच नाही, सुरुवात झाली कागदातून. 1967 मधे शिकागोच्या लुइस कुटनर नावाच्या वकिलाने 'लिव्हिंग विल'ची कल्पना मांडली, म्हणजे संपत्तीचं जसं मृत्युपत्र तसं उपचारांचं, फक्त हे जिवंतपणी लागू होणारं. वकिलाच्या डोक्यातून आलेली गोष्ट, त्यामुळे ती सही, साक्षीदार, कलमं ह्याच भाषेत आली. मग 1976 ला कॅरन अ‍ॅन क्विनलन ह्या बेशुद्ध तरुणीचा व्हेंटिलेटर काढू द्या म्हणून केलेली केस न्यू जर्सीच्या कोर्टात गाजली आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने लिव्हिंग विलला मान्यता देणारा कायदा केला. 1990 ला नॅन्सी क्रुझन ह्या अशाच बेशुद्ध तरुणीच्या केसमधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पेशंटची इच्छा स्पष्ट पुराव्याने सिद्ध झाली पाहिजे असं राज्य म्हणू शकतं, आणि पुराव्याची मागणी आली की फॉर्म आलाच. त्याच वर्षी कायदा झाला आणि 1991 च्या डिसेंबरपासून तिकडच्या हॉस्पिटलांना, नर्सिंग होमना अ‍ॅडमिशनच्या वेळी पेशंटला ह्या हक्काची लेखी माहिती देणं सक्तीचं झालं. आता अ‍ॅडमिशनची वेळ म्हणजे कशी असते आपल्याला माहितीये, डिपॉझिट, इन्शुरन्सचं कार्ड, जवळचा नातेवाईक कोण, आणि त्याच गठ्ठ्यात हा पण कागद.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट म्हणजे 1995 ला छापून आलेला 'सपोर्ट' नावाचा अभ्यास. अमेरिकेतली पाच मोठी टीचिंग हॉस्पिटल्स, नऊ हजारांवर गंभीर आजारी पेशंट. पहिल्या टप्प्यात नुसतं बघितलं, तर ज्या पेशंटना सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून वगैरे ते परत चालू करायचा प्रयत्न) नको होता त्यांच्या डॉक्टरांपैकी 47 टक्क्यांनाच ते माहीत होतं. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच. दुसऱ्या टप्प्यात खास ट्रेनिंग दिलेल्या नर्सेस नेमल्या, त्या पेशंटशी, घरच्यांशी बोलायच्या, त्यांना काय हवंय ते समजून घ्यायच्या आणि डॉक्टरांपर्यंत पोचवायच्या. सगळ्यांना वाटलं आता फरक दिसणार. काही म्हणजे काही फरक पडला नाही, आयसीयूतले दिवस तेवढेच, वेदना तेवढ्याच, शेवटचे निर्णय तितकेच उशिरा. ह्यावर नंतर पुष्कळ वाद झाले पण मला जे दिसतं ते असं की बोलायला एक माणूस नेमला आणि बाकीचे ऐकायला शिकलेच नाहीत तर तो माणूस नुसता पोस्टमन होतो. बरं, पोस्टमनला तरी पत्र कोणीतरी उघडेल अशी खात्री असते.

ह्याच्या बरोबर उलटं घडलं विस्कॉन्सिन राज्यातल्या ला क्रॉस नावाच्या मध्यम गावात. तिथल्या हॉस्पिटलमधे बड हॅम्स नावाचे नीतिशास्त्राचे अभ्यासक होते, त्यांनी 1991 च्या सुमारास गावातल्या सगळ्या दवाखान्यांना एकत्र घेऊन 'रिस्पेक्टिंग चॉइसेस' हा कार्यक्रम सुरू केला. त्यात ट्रेनिंग फक्त डॉक्टरांना नव्हतं, नर्स, सोशल वर्कर, चर्चचे लोक, स्वयंसेवक ह्या सगळ्यांना हे संभाषण चालवायला शिकवलं, आणि लिहिलेला कागद फाइलमधे ठराविक जागीच सापडेल अशी सोय केली (ही दुसरी गोष्ट किती मोठी आहे हे ज्याने रात्री दोन वाजता पेशंटचे जुने रिपोर्ट शोधलेत त्यालाच कळेल). 1998 ला त्यांनी 540 मृत्यूंचा हिशोब छापला, त्यातल्या 85 टक्के लोकांचं काही ना काही लेखी ठेवलेलं होतं. पुढे हेच मॉडेल मेलबर्नच्या ऑस्टिन हॉस्पिटलने घेतलं आणि 2010 ला ऐंशी किंवा जास्त वयाच्या 309 पेशंटवर रीतसर चाचणी केली. त्यातले जे नंतर वारले त्यांच्यात, ज्यांच्याशी असं बोलणं झालेलं त्यांच्यापैकी 86 टक्क्यांच्या इच्छा माहीत होत्या आणि पाळल्या गेल्या, ज्यांच्याशी नाही झालं त्यांच्यात 30 टक्के. आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांना ताण, डिप्रेशन कमी आलं. बोलण्याचा फायदा इथे अगदी ठळक आकड्यात दिसला.

इथे एक आपल्या माणसाचा धागा पण आहे. बॉस्टनचे सर्जन अतुल गावंडे, त्यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे, ओहायोत जाऊन युरॉलॉजिस्ट झालेले. गावंड्यांनी 2012 ला काढलेल्या एरियाडनी लॅब्जमधे सुझन ब्लॉक आणि रेचल बर्नाकी ह्या डॉक्टरांच्या पुढाकाराने गंभीर आजाराच्या संभाषणाची एक गाइड तयार झाली, अगदी ऑपरेशन थिएटरातल्या चेकलिस्टसारखी, कुठला प्रश्न कुठल्या क्रमाने विचारायचा. तुम्हाला आजाराबद्दल काय समजलंय, कशाची सगळ्यात भीती वाटते, कुठली गोष्ट करता येणं बंद झालं तर जगणं नको वाटेल, असे प्रश्न. मला आधी वाटलेलं की चेकलिस्ट घेऊन मरणाबद्दल बोलणं म्हणजे अतीच यांत्रिक, पण बहीण म्हणाली की तसं नाही, घाबरलेल्या माणसाला पहिलं वाक्य हातात द्यावं लागतं, पुढचं तो बोलतो.

आता ब्रिटन. तिकडे बोलायला शिकवण्याची परंपरा कॅन्सरच्या डॉक्टरांपासून सुरू झाली. मँचेस्टरचे पीटर मॅग्वायर ह्यांनी डॉक्टरांचं पेशंटशी बोलणं रेकॉर्ड करून त्यांनाच दाखवायला सुरुवात केली, आणि लेस्ली फॅलोफिल्ड आणि व्हॅलरी जेंकिन्स ह्यांनी 2002 ला 160 कॅन्सरतज्ज्ञांवर चाचणी छापली. तीन दिवसांच्या कोर्सने डॉक्टर जास्त मोकळे प्रश्न विचारायला लागले, सहानुभूती दाखवायला लागले, आणि नुसत्या अनुभवाने, वर्षं गेली म्हणून, हे आपोआप येत नाही हेही दिसलं. आपल्याकडे 'अनुभवाने येतं सगळं' हे इतकं पक्कं असतं की हे वाक्य मी दोनदा वाचलं. 2008 ला इंग्लंडने कॅन्सर टीममधल्या सीनियर लोकांसाठी तीन दिवसांचा राष्ट्रीय कोर्स आणला. पण तीन दिवस, भाड्याने आणलेले नट, ट्रेनर, एवढं सगळं केअर होममधल्या तासावर पगार घेणाऱ्या बाईसाठी कोण करणार? तिच्यासाठी मँचेस्टरातच 2006 च्या सुमारास 'सेज अँड टाइम' नावाचं तीन तासांचं ट्रेनिंग निघालं, कुठल्याही पायरीवरच्या कर्मचाऱ्याला चालेल असं. त्याचा गाभा असा की लगेच सल्ला देऊ नका, आधी ऐका, तुमच्यासोबत कोण आहे विचारा, त्यांना स्वतःला कशाने बरं वाटेल ते विचारा.

मग दोन मोठे धडे बसले. पहिला लिव्हरपूल केअर पाथवेचा. हॉस्पिसमधे मरणाऱ्याची जशी काळजी घेतात तशी साध्या वॉर्डात घेता यावी म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी बनवलेली ही पद्धत, हेतू चांगलाच होता, पण वॉर्डात पोचेपर्यंत ती टिकमार्क करायची यादी झाली. घरच्यांना न सांगता माणसाला 'पाथवेवर टाकलं' अशा तक्रारी आल्या, पेपरात गाजलं, आणि 2013 च्या जुलैमधे ज्युलिया न्यूबर्गर ह्यांच्या समितीने ती बंद करायला सांगितली. दुसरा धडा कोर्टाचा. केंब्रिजच्या हॉस्पिटलमधे 2011 ला जॅनेट ट्रेसी ह्या बाईंच्या फाइलमधे 'सीपीआर देऊ नये' अशी नोट त्यांना न विचारता घातली गेली होती, नवऱ्याने केस लढवली, आणि 2014 ला अपील कोर्टाने सांगितलं की असा निर्णय घेताना पेशंटला सामील करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे, त्याला वाईट वाटेल एवढं कारण पुरेसं नाही. एका झटक्यात बोलणं हे चांगुलपणातून कायद्यात आलं. त्यातूनच पुढे 2017 पासून 'रिस्पेक्ट' नावाची पद्धत वापरात आली, ज्यात सीपीआर हा एकच प्रश्न न ठेवता माणसाला काय महत्त्वाचं वाटतं तिथून सुरुवात होते.

स्कॉटलंडची गोष्ट थोडी वेगळी. इंग्लंड-वेल्समधे 2005 च्या कायद्याने 'हा उपचार नको' असं आधी लिहून ठेवलेलं बंधनकारक होतं, स्कॉटलंडचा कायदा 2000 चा, त्यात पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी (आपल्या वतीने निर्णय घ्यायला माणूस नेमणं) आहे पण असं लिहून ठेवण्याचं वेगळं कलम नाही. माझ्या मते म्हणूनच तिथे सगळा भर कागदापेक्षा प्लॅनवर आणि तो प्लॅन रात्री ड्यूटीवर असलेल्या अनोळखी डॉक्टरला दिसण्यावर गेला. हायलँडमधल्या नेर्न ह्या छोट्या गावात एका जीपी (म्हणजे फॅमिली डॉक्टर) प्रॅक्टिसने ज्यांना वारंवार अ‍ॅडमिट व्हावं लागेल असे पेशंट शोधून त्यांच्याशी आधीच बोलून ठेवायचा प्रयोग केला, तो 2012 ला छापला. 2013 पासून जीपीच्या कॉम्प्युटरवरून 'की इन्फर्मेशन समरी' निघायला लागली जी अ‍ॅम्ब्युलन्सला, रात्रीच्या हेल्पलाइनला, इमर्जन्सीला दिसते. एडिंबरात 2010 ला 'स्पिक्ट' नावाची एका पानाची यादी निघाली होती, कोणाशी बोलायची वेळ आली हे ओळखायला, आणि कसं बोलायचं ह्यासाठी कर्स्टी बॉइड आणि सहकाऱ्यांनी 'रेड-मॅप' बनवलं. रेडी, एक्स्पेक्ट, डायग्नोसिस, मॅटर्स, अ‍ॅक्शन्स, प्लॅन अशा सहा पायऱ्या, आत्ता बोलू का, तुम्हाला पुढे काय होईल वाटतंय, आम्हाला काय माहितीये, तुम्हाला काय महत्त्वाचं, काय उपयोगाचं काय नाही, आणि मग प्लॅन. बघा, प्लॅन सगळ्यात शेवटी आहे. बहिणीच्या ट्रेनिंगमधे हेच होतं.

आणि मग कोविड. 2020 च्या मार्चमधे वेल्समधल्या एका जीपी सर्जरीने पेशंटना पत्रं पाठवली की सीपीआर नको ह्या फॉर्मवर सही करा, नंतर माफी मागावी लागली. इंग्लंडमधे केअर होममधल्या सगळ्यांना सरसकट असे फॉर्म लावल्याच्या तक्रारी आल्या. 1 एप्रिलला डॉक्टरांच्या संघटना आणि हॉस्पिटलं, केअर होम ह्यांची तपासणी करणारी सरकारी संस्था ह्यांना एकत्र पत्रक काढून सांगावं लागलं की हे गटागटाने करायचं नसतं, एकेका माणसाशी बोलून करायचं असतं. त्याच संस्थेचा 2021 च्या मार्चमधला रिपोर्ट, केअर होम वगैरेंनी कळवलेल्या 'सीपीआर नको'च्या 9,679 निर्णयांपैकी 508 मधे माणसाशी किंवा घरच्यांशी बोलणंच झालं नव्हतं. आकडा छोटा वाटतो, पण त्या 508 मधे आपली आजी असली तर? शिवाय त्या दिवसांत घरचे खिडकीबाहेर आणि आत फक्त केअर स्टाफ, म्हणजे ज्यांना कोणी कधी शिकवलं नाही त्यांच्यावरच हे बोलणं पडलं. सोशल केअरच्या लोकांना ट्रेनिंग द्यायची आजची घाई तिथून आलीये असं मला वाटतं.

नाव बदललं तेही साधारण त्यानंतर. स्कॉटलंडमधे आधी ह्याला 'अँटिसिपेटरी केअर प्लॅनिंग' म्हणायचे, तो शब्द म्हाताऱ्यांना सोडा स्टाफलाही जड जायचा, म्हणून 2023 च्या आसपास 'फ्युचर' झालं. ज्या विषयाचं पहिलं कामच समोरच्याला कळेल असं बोलणं आहे त्याचं नाव एवढी वर्षं कोणाला कळत नव्हतं, हे जरा गमतीशीरच.

आपल्याकडे अजून कागदाचाच टप्पा चालू आहे. केईएमच्या नर्स अरुणा शानभाग, 1973 च्या हल्ल्यानंतर 42 वर्षं तिथेच होत्या, त्यांच्या केसमधे 2011 ला सुप्रीम कोर्ट पहिल्यांदा ह्या विषयावर नीट बोललं, 9 मार्च 2018 ला लिव्हिंग विलला मान्यता मिळाली पण मॅजिस्ट्रेटची सही लागायची, ती अट 2023 च्या जानेवारीत काढली आणि आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर चालतो. बोलायला शिकवायचं म्हणाल तर एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून संवादकौशल्याचा भाग आलाय, पण रात्री आजोबांजवळ झोपणाऱ्या ब्युरोच्या मावशींना कोण शिकवणार हा प्रश्न अजून कोणी विचारलेला मला तरी दिसला नाही.

मी बहिणीला म्हटलं, ते सहा टप्पे मराठीत करून दाखव बघू, गावाला आजोबांशी बोलायचं झालं तर. पहिली पायरी जमली, 'थोडं बोलू का आजोबा'. दुसऱ्या पायरीला अडकली. 'पुढे काय होईल असं वाटतंय तुम्हाला' असं विचारलं तर आजोबा उत्तर देतीलच, पण त्याआधी स्वयंपाकघरातून आई ओरडेल, शुभ बोल नाऱ्या म्हणून. मग म्हणाली, म्हणजे ट्रेनिंग आधी आईलाच द्यायला लागेल.